इंग्रजीतील संबंधदर्शक रचनेचा इतिहास : षष्ठीच्या प्रत्ययापासून अ‍ॅपॉस्ट्रॉफीपर्यंत

प्रस्तावना

इंग्रजी विषयाच्या उत्तरपत्रिकांमध्ये वारंवार आढळणाऱ्या चुकांत अ‍ॅपॉस्ट्रॉफी या चिन्हाच्या चुका अग्रभागी असतात. 'किंग' या नामाला 'एस' जोडताना मध्ये चिन्ह द्यावयाचे की नाही, अनेकवचनात ते 'एस'च्या आधी येते की नंतर, 'इट्स' हे सर्वनाम चिन्हासह लिहावे की चिन्हाविना, या प्रश्नांवर विद्यार्थी अडखळतो आणि गुण गमावतो. अशा चुकीकडे पाहण्याची रूढ दृष्टी अशी की, विद्यार्थ्याला व्याकरण येत नाही. इतकेच नव्हे, तर तो विचारानेही ढिसाळ आहे, असा ग्रह पुष्कळदा होतो. हा नियम इंग्रजी भाषेइतकाच जुना, तर्कशुद्ध आणि निर्विवाद आहे, हे गृहीत या दृष्टीच्या मुळाशी असते.

प्रस्तुत लेखात या गृहीताची ऐतिहासिक तपासणी केली आहे. एका नामाचा दुसऱ्या नामाशी असलेला संबंध इंग्रजीने गेल्या हजार-अकराशे वर्षांत कोणकोणत्या रीतींनी दाखवला, आजचा नियम केव्हा व कोणत्या परिस्थितीत घडला, आणि या इतिहासाचा मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या अध्यापनाशी काय संबंध पोहोचतो, हे पाहणे हा लेखाचा उद्देश आहे. आज एकच नियम म्हणून शिकवल्या जाणाऱ्या या गोष्टीत वास्तविक तीन भिन्न वयांचे थर आहेत. प्रत्यय हजार वर्षांहून जुना आहे, त्याचे आजचे वाक्यरचनेतील स्थान सुमारे पाच-सहाशे वर्षांचे आहे, आणि चिन्ह मात्र जेमतेम तीन शतकांचे आहे. हे थर वेगळे न केल्यामुळे भाषेची चूक आणि लेखनसंकेताची चूक यांची गल्लत होते, असे लेखाचे प्रतिपादन आहे.

प्राचीन इंग्रजीतील षष्ठी

प्राचीन इंग्रजी, म्हणजे इ. स. १०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीची इंग्रजी, ही संस्कृत, लॅटिन किंवा ग्रीक यांच्याप्रमाणेच विभक्तिप्रधान भाषा होती. राजा आल्फ्रेडच्या (कारकीर्द इ. स. ८७१–८९९) काळातील गद्यात नामाची प्रथमा, द्वितीया, चतुर्थी व षष्ठी ही रूपे स्पष्ट दिसतात. त्यांतील षष्ठीला एकच प्रत्यय नव्हता. नामाचे लिंग आणि त्याचा वर्ग यांनुसार प्रत्यय बदलत असे. 'क्युनिंग' म्हणजे राजा. त्याची षष्ठी 'क्युनिंगेस' अशी होई. 'स्तान' म्हणजे दगड, त्याची षष्ठी 'स्तानेस'. परंतु 'लार' म्हणजे विद्या हे स्त्रीलिंगी नाम षष्ठीत 'लारे' असे होत असे, तर 'नामा' म्हणजे नाव याचे षष्ठीचे रूप 'नामन' होते. अनेकवचनात तर 'एस' हा ध्वनी षष्ठीत नव्हताच. 'दगडांचा' या अर्थी 'स्ताना' हे रूप वापरले जाई.

या व्यवस्थेचे अवशेष आजच्या इंग्रजीत वारांच्या नावांत टिकून आहेत. मंगळवार, बुधवार आणि गुरुवार यांच्या इंग्रजी नावांत 'डे'पूर्वी 'एस'चा ध्वनी ऐकू येतो: ट्यूजडे, वेन्सडे, थर्सडे. तीव, वोडेन आणि थुनोर या जर्मानिक पुरुषदेवतांच्या नावांची ती 'एस'कारान्त षष्ठी होय. रविवार, सोमवार आणि शुक्रवार यांच्या नावांत मात्र हा ध्वनी नाही. सूर्यवाचक 'सुन्ने' आणि चंद्रवाचक 'मोना' ही नामे 'सुन्नन', 'मोनन' अशी चालत, आणि फ्रीग ही देवी स्त्रीलिंगी असल्याने तिची षष्ठी 'फ्रीये' अशी होत असे. सण्डे, मण्डे आणि फ्रायडे या शब्दांत 'एस' नाही, याचे कारण हे आहे. मेरीच्या सन्मानार्थ २५ मार्चला पाळल्या जाणाऱ्या 'लेडी डे' या दिवसाच्या नावातही 'लेडी'ला 'एस' लागत नाही, कारण ते नामही मुळात 'एस'च्या वर्गातले नव्हते.

प्राचीन इंग्रजीतील षष्ठीचा अर्थ केवळ मालकी एवढाच नव्हता. काही क्रियापदांचे कर्म षष्ठीत येई, मोजमाप षष्ठीने दाखवले जाई, आणि क्रियाविशेषणेही षष्ठीपासून घडत. आजचा 'वन्स' हा शब्द 'एक' या संख्यावाचकाच्या षष्ठीपासून आला आहे. त्याच्या शेवटी असलेला 'स' हा मूळ षष्ठीचाच प्रत्यय आहे, परंतु आज तेथे कोणीही अ‍ॅपॉस्ट्रॉफी देत नाही. मूळ एक असूनही एका ठिकाणी चिन्ह आले आणि दुसऱ्या ठिकाणी आले नाही, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

प्रत्ययांची पडझड आणि 'ऑफ'चा उदय

प्राचीन इंग्रजीच्या अखेरच्या काळातच शब्दान्तीचे आघातहीन स्वर क्षीण होऊ लागले होते. उत्तर आणि पूर्व इंग्लंडात स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांशी आलेल्या संपर्कामुळे, आणि पुढे १०६६ नंतर लेखनातील प्रमाण वेसेक्सी परंपरा खंडित झाल्यामुळे, ही प्रक्रिया वेगाने दृष्टीस पडू लागली. इ. स. ११५४ पर्यंतच्या नोंदी असलेल्या पीटरबरो येथील बखरीच्या अखेरच्या भागात विभक्तिप्रत्ययांची पडझड स्पष्ट दिसते. नामाचे व्याकरणिक लिंग गेले, वर्गभेद गेले आणि बहुतेक प्रत्यय गळाले. या पडझडीतून 'एस' हा प्रत्यय मात्र टिकला. पूर्वी पुल्लिंगी व नपुंसकलिंगी नामांच्या एका वर्गापुरता असलेला हा प्रत्यय हळूहळू सर्व नामांना लागू झाला. दुसऱ्या मार्गाने आलेला 'एस' अनेकवचनाचाही सर्वसाधारण प्रत्यय ठरला. यामुळे षष्ठी एकवचन आणि साधे अनेकवचन यांचे उच्चार एक झाले. आजच्या घोटाळ्याचे बीज येथे आहे.

याच काळात संबंध दाखवण्याची दुसरी रीत पुढे आली, ती 'ऑफ' या शब्दयोगी अव्ययाची. मुळात 'पासून, दूर' अशा अर्थाचे हे अव्यय फ्रेंचमधील 'द'च्या प्रभावाखाली व्यापक संबंधवाचक बनले. रसेल थॉमस यांनी १९३१ मध्ये केलेल्या मोजणीनुसार दहाव्या शतकाच्या आसपास नामांमधील संबंध दाखवणाऱ्या रचनांत 'ऑफ'चे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास होते. चौदाव्या शतकात ते ८० टक्क्यांच्या वर गेले. चार शतकांत झालेला हा पालट भाषेच्या इतिहासात लहान म्हणता येणार नाही. प्रत्ययाचा वापर मुख्यतः मनुष्यवाचक नामांपुरता व काही रूढ प्रयोगांपुरता मर्यादित झाला, आणि इतर बहुतेक ठिकाणी 'ऑफ' आले.

प्रत्यय शब्दाचा की शब्दसमूहाचा?

टिकून राहिलेल्या या प्रत्ययाचे स्वरूपही याच सुमारास पालटले. चॉसरच्या काळी, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस, 'इंग्लंडच्या राजाची पत्नी' असे म्हणावयाचे असल्यास प्रत्यय 'राजा' या शब्दालाच लागे आणि 'इंग्लंडचा' हा भाग मागे, पत्नीवाचक शब्दानंतर येई. चॉसरच्या ज्या कथेला आज 'द वाइफ ऑफ बाथ्स टेल' असे म्हणतात, तिचा उल्लेख जुन्या रीतीने 'द वाइव्ह्ज टेल ऑफ बाथ' असा होत असे. म्हणजे बाथ गावच्या बाईची कथा सांगताना शब्दक्रम 'बाईची कथा, बाथच्या' असा होता.

पुढील दीड-दोन शतकांत हा क्रम बदलला. 'द किंग ऑफ इंग्लंड' हा संपूर्ण समूह एक घटक मानून त्याच्या शेवटी 'एस' येऊ लागला. व्याकरणदृष्ट्या हा मोठा बदल होता. संबंध राजाचा, पण प्रत्यय लागतो इंग्लंड या शब्दाला. प्राचीन इंग्रजीतील कोणत्याही षष्ठीला हे शक्य नव्हते. याचा अर्थ असा की, 'एस' आता नामाच्या रूपात मिसळणारा विभक्तिप्रत्यय राहिला नाही. तो संपूर्ण शब्दसमूहाच्या शेवटी चिकटणारा, काहीसा स्वतंत्र असा घटक झाला.

मराठीच्या तुलनेने हा फरक अधिक स्पष्ट होतो. 'इंग्लंडच्या राजाचा मुलगा' या रचनेत 'चा' लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते आणि 'चा' हा पुढील नामाच्या लिंगवचनाप्रमाणे 'चा, ची, चे, च्या' असा बदलतो. म्हणून मराठीतील षष्ठ्यन्त पद विशेषणासारखे वागते. इंग्रजीत मागचे नामही बदलत नाही आणि पुढच्या नामाचा परिणामही 'एस'वर होत नाही. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ च्या आपल्या लॅटिन भाषेतील इंग्रजी व्याकरणात या रूपाला षष्ठी न म्हणता स्वामित्वदर्शक विशेषण म्हटले होते. लॅटिनच्या साच्यात इंग्रजी बसत नाही, याची जाण त्यामागे होती.

'हिज'ची रचना : एका चुकीच्या व्युत्पत्तीचा प्रवास

मध्ययुगीन इंग्रजीत षष्ठीचा प्रत्यय 'इस', 'यस' असाही लिहिला जाई. 'हिज' या सर्वनामातील आघातहीन 'ह' बोलण्यात लोप पावत असल्याने त्याचा उच्चार आणि या प्रत्ययाचा उच्चार सारखाच होत असे. परिणामी, प्रत्यय म्हणजे 'त्याचा' हे सर्वनामच होय, अशी समजूत लेखनिकांत रूढ झाली. लायमनच्या 'ब्रूट' या काव्याच्या तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हस्तलिखितातही नामानंतर 'हिज' सुटे लिहिलेले आढळते. सोळाव्या-सतराव्या शतकांत या रचनेला चांगलीच प्रतिष्ठा लाभली. विशेषतः ज्या नामांच्या शेवटी मुळातच 'स' आहे तेथे ती सोयीची ठरली. बेन जॉन्सनच्या १६०५ मध्ये छापलेल्या नाटकाचे नाव 'सेजेनस हिज फॉल' असे आहे, तर जॉन डन यांच्या १६११ च्या ग्रंथाचे नाव 'इग्नेशियस हिज कॉन्क्लेव्ह' असे आहे. १६६२ च्या इंग्लिश चर्चच्या प्रार्थनाग्रंथातही येशू ख्रिस्ताच्या नावापुढे ही रचना आढळते.

येथे एक विसंगती नमूद करण्याजोगी आहे. ज्या जॉन्सनने आपल्या नाटकांना अशी नावे दिली, त्याच्याच मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी व्याकरणात या रचनेचा कठोर शब्दांत निषेध केलेला आहे. लेखनातील रूढी आणि व्याकरणाचा विचार हे एकाच व्यक्तीच्या ठिकाणीही वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, याचे हे उदाहरण आहे.

ही रचना केवळ अज्ञानातून आली असे मात्र म्हणता येणार नाही. 'मनुष्य, त्याचे घर' अशी मांडणी अनेक भाषांत स्वाभाविकपणे होते. बोलीभाषेतील जर्मन व डच यांत ती आहे. दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स या भाषेत तर डच सर्वनामापासून आलेला 'से' हा शब्द स्त्री, पुरुष, वस्तू, एकवचन, अनेकवचन अशा सर्व ठिकाणी प्रमाण संबंधदर्शक म्हणून प्रस्थापित झाला आहे. मराठी वाचकालाही ही मांडणी अपरिचित नाही. 'न्यायमूर्ती रानडे यांचे भाषण', 'मुख्याध्यापक यांचे पत्र' या औपचारिक मराठीतील रचनांत प्रत्यय नामाला न लागता नामापुढील आदरार्थी सर्वनामाला लागतो. नावाचे सामान्यरूप टळते, ते अविकृत राहते, आणि आदरही व्यक्त होतो. दोन्ही भाषांतील रचनांचा परस्परांशी ऐतिहासिक संबंध नाही. परंतु नाव अखंड ठेवण्याची गरज दोन्हीकडे सारख्याच उपायाकडे घेऊन गेली, हे साम्य उद्बोधक आहे. जी मांडणी मराठीत शिष्ट लेखनाचे लक्षण ठरली, तीच इंग्रजीत पुढे अशुद्ध ठरली. तेव्हा रचनेचे शुद्धाशुद्धत्व तिच्या तर्कात नसते, तर त्या भाषेच्या लेखनपरंपरेत असते.

चिन्हाचे आगमन

अ‍ॅपॉस्ट्रॉफी हे नाव ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'वळवणे, दूर सारणे' असा आहे. मुद्रणात हे चिन्ह प्रथम रोमान्स भाषांत रुजले. फ्रेंचसाठी त्याचा पुरस्कार जोफ्र्वा तोरी याने १५२९ च्या आपल्या ग्रंथात केला. तेथे त्याचे काम एकच होते : उच्चारात गळालेल्या स्वराची जागा दाखवणे. सोळाव्या शतकात ते इंग्रजी मुद्रणात आले तेही याच कामासाठी. मालकीशी त्याचा काही संबंध नव्हता.

शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या पहिल्या फोलिओत संबंधदर्शक 'एस'पूर्वी हे चिन्ह क्वचितच दिसते. 'द विंटर्स टेल' किंवा 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' ही शीर्षके त्या काळी चिन्हाविनाच छापली गेली. आज शाळकरी विद्यार्थ्याने ती तशी लिहिली, तर ती चूक ठरेल. १६८५ च्या चौथ्या फोलिओत मात्र एकवचनी संबंधरूपांत चिन्हाचा वापर बऱ्याच अंशी नियमित झालेला दिसतो. म्हणजे हा संकेत स्थिरावला तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. हे काम वैयाकरणांनी केले नाही. लंडनच्या छापखान्यांतील खिळे जुळवणाऱ्या कामगारांच्या आणि मुद्रितशोधकांच्या हातून ते झाले.

हे चिन्ह नेमक्या कोणत्या लोपाचे होते, याविषयी तेव्हाच दोन मते होती. एका मताने ते 'एस'पूर्वीच्या गळालेल्या स्वराचे होते. दुसऱ्या मताने ते 'हिज'मधील गळालेल्या अक्षरांचे होते. जोसेफ अ‍ॅडिसन याने १७११ मध्ये 'स्पेक्टेटर'मध्ये 'एस' हे पूर्वजांच्या 'हिज' आणि 'हर'चे संक्षिप्त रूप असल्याचे लिहिले. सॅम्युअल जॉन्सन याने १७५५ च्या आपल्या शब्दकोशाला जोडलेल्या व्याकरणात हे मत खोडून काढले. स्त्रीवाचक आणि समूहवाचक नामांनाही हाच 'एस' लागतो, तेथे 'हिज' संभवत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ यानेही अ‍ॅडिसनची चूक दाखवून हा प्रत्यय प्राचीन षष्ठीचाच असल्याचे प्रतिपादले. व्युत्पत्तीचा वाद अशा रीतीने मिटला. तरी चिन्ह राहिले.

स्वरलोपाचे कारण खरे मानले, तरी ते पुरेसे ठरत नाही. राजाचा या अर्थीच्या जुन्या 'किंगेस'मधील स्वर जसा गळाला, तसाच राजे या अर्थीच्या अनेकवचनातील 'किंगेस'मधील स्वरही गळाला. लोप दोन्हीकडे सारखा, पण चिन्ह एकीकडेच. तेव्हा अठराव्या शतकापर्यंत या चिन्हाचे कार्य मूळ हेतूपासून वेगळे झाले होते. लोप दाखवण्याऐवजी ते कानाला न कळणारा भेद डोळ्याला दाखवू लागले. अनेकवचनी संबंधरूपात 'एस'नंतर चिन्ह देण्याची पद्धत तर आणखी उशिरा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. त्या ठिकाणी कोणतेच अक्षर लोपलेले नाही. 'राजे', 'राजाचा' आणि 'राजांचा' यांची इंग्रजी रूपे ऐकताना एकच आहेत. केवळ छापील पानावर ती तीन आहेत.

'इट्स'चा अपवाद

सर्वाधिक चुका होतात त्या 'इट्स' या सर्वनामाचा इतिहास याहून अलीकडचा आहे. नपुंसकलिंगी सर्वनामाचे जुने संबंधरूप 'हिज' हेच होते. व्याकरणिक लिंग नाहीसे झाल्यावर निर्जीव वस्तूला 'हिज' म्हणणे खटकू लागले आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'इट'ला 'एस' लावून नवे रूप घडले. १६११ च्या बायबलच्या अधिकृत भाषांतराच्या मूळ आवृत्तीत हे नवे रूप नाही. आज ते जेथे एका ठिकाणी दिसते, तेथे मूळ छपाईत केवळ 'इट' होते. 'एस' पुढील आवृत्तीत आला.

नामाप्रमाणेच घडलेले हे रूप नामाप्रमाणेच चिन्हासह लिहिले जावे, हे स्वाभाविक होते. सतराव्या-अठराव्या शतकांतील अनेक सुशिक्षित लेखक तसेच लिहीत. अमेरिकेच्या संघराज्याच्या १७८७ च्या संविधानाच्या हस्तलिखित प्रतीत, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, राज्याच्या तपासणी कायद्यांचा उल्लेख करताना संबंधदर्शक 'इट्स' अ‍ॅपॉस्ट्रॉफीसह लिहिलेले आहे. चिन्ह केवळ 'इट इज'च्या संक्षेपासाठी राखून ठेवण्याचा आजचा दंडक एकोणिसाव्या शतकात दृढ झाला. आजचा विद्यार्थी जी चूक करतो, ती अमेरिकेच्या संविधानाच्या लेखनिकाच्या काळी चूक नव्हती.

पाठ्यपुस्तकातील नियम आणि व्यवहारातील विस्कळीतपणा

१७९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिंडली मरे यांच्या इंग्रजी व्याकरणाने आणि त्याच्या असंख्य आवृत्त्यांनी 'पझेसिव्ह केस' ही संज्ञा शाळाशाळांत पोहोचवली. भारतात हाच वारसा पुढे मुख्यतः रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाने चालवला. त्यांपैकी पी. सी. रेन यांनी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काही काळ काम केले होते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या या पुस्तकावर वाढल्या.

'पझेसिव्ह' म्हणजे स्वामित्वदर्शक ही संज्ञा मात्र अपुरी आहे. 'दिवसाचे काम', 'राजाचा वध', 'स्त्रियांचे महाविद्यालय' यांत दिवस, राजा किंवा स्त्रिया कशाच्या मालक नसतात. चार्ल्स फ्राइज यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकन इंग्रजीच्या अभ्यासात संबंधरूपाच्या निम्म्याहून कमी उदाहरणांत खरी मालकी आढळली. या बाबतीत भारतीय व्याकरणपरंपरा अधिक सावध आहे. पाणिनीने षष्ठीच्या अर्थाला सहा कारकांत स्थान दिले नाही. उरलेला संबंध असे तिचे स्वरूप मानले. मराठी शालेय व्याकरणातही षष्ठीचा अर्थ 'संबंध' असाच दिला जातो, 'मालकी' असा नव्हे.

नियम छापला गेला, तरी व्यवहार एकसारखा झाला नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गावर लागोपाठ येणाऱ्या दोन स्थानकांपैकी अर्ल्स कोर्ट हे नाव चिन्हासह, तर बॅरन्स कोर्ट हे चिन्हाविना लिहिले जाते. अमेरिकेत १८९० मध्ये स्थापन झालेले भौगोलिक नावांचे मंडळ स्थलनामांतील चिन्ह वगळते. स्थळाच्या नावातून कोणाची मालकी सूचित होऊ नये, हे त्यामागचे धोरण आहे. मार्थाज व्हिनयार्डसारखे मोजकेच अपवाद त्याने मान्य केले. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या नगरपरिषदेने २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरून चिन्ह काढून टाकण्याचे धोरण जाहीर केले. मिड डेव्हन जिल्हा परिषदेने २०१३ मध्ये तसाच विचार केला, परंतु लोकांच्या विरोधामुळे तो मागे घेतला. वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्या कंपनीने २०१२ मध्ये आपल्या नावातील चिन्ह वगळले. दुसऱ्या बाजूस, चिन्हाच्या रक्षणासाठी २००१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन रिचर्ड्स यांनी एक संस्थाच स्थापन केली होती.

'स'कारान्त नावांच्या बाबतीत तर विद्वानांतही एकमत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधील 'कॅन्सस विरुद्ध मार्श' या खटल्याच्या निकालपत्रात न्यायमूर्ती थॉमस यांनी बहुमताचा निर्णय लिहिताना 'कॅन्सस'च्या शेवटी केवळ चिन्ह दिले. न्यायमूर्ती सूटर यांनी भिन्नमत नोंदवताना चिन्हानंतर आणखी एक 'एस' लिहिला. एकाच निकालात दोन रीती आढळतात आणि दोन्ही शिष्टसंमत आहेत.

मराठी भाषक विद्यार्थी आणि हा इतिहास

या पार्श्वभूमीवर मराठी विद्यार्थ्यांच्या चुकांचे दोन गट पडतात. पहिला गट रचनेचा आहे. मराठीत 'चा' सजीव-निर्जीव असा भेद करत नाही. 'मुलाचा पाय' आणि 'टेबलाचा पाय' यांची रचना एकच असते. म्हणून विद्यार्थी 'टेबल'लाही 'एस' लावतो. तेथे इंग्रजी सहसा 'ऑफ' किंवा समास वापरते. तसेच 'ऑफ'च्या रचनेत नामांचा क्रम मराठीच्या उलट होत असल्याने लांब वाक्यांत संबंध उलटे होतात. या चुका अर्थावर परिणाम करतात आणि त्या भाषेच्या चुका आहेत.

दुसरा गट चिन्हाचा आहे. मराठीत नाम व सर्वनाम दोन्हींना एकच प्रत्यय लागतो : 'रामाचा', 'त्याचा'. त्यामुळे इंग्रजी नामाला चिन्ह लागते तर 'इट्स', 'हर्स', 'देअर्स' यांना का लागू नये, हा विद्यार्थ्याचा प्रश्न तर्काला धरूनच आहे. अठराव्या शतकातील इंग्रज लेखकांनीही हाच तर्क केला होता. अशा चुकीने उच्चार बदलत नाही आणि बहुधा अर्थही बदलत नाही. ती छापील संकेताची चूक आहे. ती दुरुस्त करावयाची, पण तिचे मूल्यमापन वेगळे व्हावयास हवे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेतून आलेल्या विद्यार्थ्याच्या डोळ्याखालून छापील इंग्रजी अधिक गेलेले असते, म्हणून तो हा संकेत सहज पाळतो. ग्रामीण भागातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या विद्यार्थ्याला ती संधी कमी मिळालेली असते. या फरकाला बुद्धीचा फरक समजणे अन्यायाचे आहे.

निष्कर्ष

१. इंग्रजीतील संबंधदर्शक 'एस' हा प्राचीन षष्ठीच्या अनेक प्रत्ययांपैकी टिकून राहिलेला एक प्रत्यय आहे. 'हिज'पासून त्याची झालेली व्युत्पत्ती चुकीची असल्याचे अठराव्या शतकातच सिद्ध झाले होते.

२. चौदाव्या ते सोळाव्या शतकांच्या दरम्यान हा प्रत्यय शब्दाचा न राहता शब्दसमूहाचा झाला. म्हणून आजच्या रूपाला लॅटिन किंवा संस्कृतच्या अर्थाने विभक्ती म्हणणे काटेकोर ठरत नाही.

३. अ‍ॅपॉस्ट्रॉफीचा नियम सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत टप्प्याटप्प्याने घडलेला मुद्रणसंकेत आहे. त्याचे समर्थन म्हणून दिलेली कारणे त्याला पूर्णतः लागू पडत नाहीत. वाचनातील सोय हेच त्याचे खरे प्रयोजन आहे.

४. अध्यापनात रचनेची चूक आणि चिन्हाची चूक वेगळी दाखवावी. रचनेची चूक मराठी व इंग्रजीतील भेद समजावून, तर चिन्हाची चूक वाचन व सराव यांद्वारे दुरुस्त करावी.

संकेत पाळला गेला पाहिजे, यात शंका नाही. परीक्षा, अर्ज आणि नोकरीच्या मुलाखती यांत विद्यार्थ्याचे इंग्रजी याच संकेतावर तोलले जाते, आणि तो न शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याचे नुकसान करणे होय. मात्र तो निसर्गनियम म्हणून न शिकवता माणसांनी ठरवलेला, चुकत-दुरुस्त होत आलेला संकेत म्हणून शिकवला, तर विद्यार्थ्याच्या मनातील न्यूनगंड कमी होईल आणि नियमही अधिक पक्का बसेल.